न आलेल्यांचं रोट

आमच्या घरी कानबाईचे गहू मोजायचं काम मोठ्या सुनेचं. मी खरं तर धाकटी. पण मोठी सून या घरात आलीच नाही, कारण माझे थोरले दीर लग्नाआधीच निघून गेले, ते परत आले नाहीत. त्यामुळे लग्न होऊन धुळ्याला आले त्याच वर्षी श्रावणात सासूबाईंनी माझ्यासमोर परात ठेवली, गव्हाचं पोतं सोडलं आणि म्हणाल्या, "मोज."

खानदेशाबाहेरच्या माणसाला हे जरा समजावून सांगावं लागतं. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, कुंकू, अंगावर घरातली सगळ्यात भारी साडी. चौरंगावर देवी, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत डोक्यावरून पांझरा नदीवर बोळवण. या सगळ्याचा जीव असतो रोटात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, धुऊन वाळवायचे, धुतलेल्या चक्कीवर दळायचे आणि त्याच पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या. ती रोटं. घरातल्यांनीच खायची. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही, टाकायचं नाही, गायीलासुद्धा नाही. राखीपौर्णिमेच्या आत ती संपली पाहिजेत. बायकांच्या नावाने मूठ निघत नाही. मी एकदा त्यावर तोंड उघडलं होतं, तेव्हा "तुना हातमा परात दिन्ही, आखो काय जोये?" म्हणजे हातात परात दिली, आणखी काय हवं, असं उत्तर मिळालं.

पहिल्या वर्षी मी मोजायला बसले. सासऱ्यांची मूठ काढली, नवऱ्याची काढली, आणि हात झटकून उठायला लागले. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही म्हणते. अक्का म्हणाल्या, "बस खाली. आजून दोन शेतस."

"कुणाच्या?"

"जे उनात नहीत त्यास्न्या."

म्हणजे जे आलेच नाहीत त्यांच्या. घरात दोघं हरवलेले होते. एक माझे दीर. ते सुरतेला कामाला गेले, दोन-चार वेळा येऊन गेले, मग फोन लागेनासा झाला. माझे यजमान आणि सासरे जाऊन शोधून आले. खोलीला दुसऱ्याच कुणाचं कुलूप होतं. पोलिसात कळवलं, पेपरात फोटो दिला, काही उपयोग झाला नाही. दुसरे त्यांच्याही आधीचे, माझ्या सासऱ्यांचे मोठे भाऊ. ते तर विशीत असताना ऐन कानबाईच्या जेवणावरून उठून गेले होते.

ही दुसरी गोष्ट मला सासऱ्यांनीच सांगितली. त्यांना आम्ही आबा म्हणतो. फार बोलणारा माणूस नव्हे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेला, निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत दाराजवळ खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसायचे. दुपारी सगळी गल्ली घोरत असायची तेव्हाही आबा टक्क जागे. आडवे व्हा म्हटलं तर "झोप कोनले येस," म्हणायचे. त्यांचं बसणं मला आधी म्हातारपणचं वाटलं होतं. मग कळलं, ते तरुणपणापासून तसेच बसतात.

त्या दिवशी म्हणे पंगतीत वडील मोठ्या भावाला काहीतरी लागेल असं बोलले. भाऊ ताटावरून उठला. रोट अर्धंच खाल्लेलं होतं. शेजारी बसलेल्या आबांनी, तेव्हा पोरगाच ते, हसत हसत त्याचं उरलेलं रोट आपल्या ताटात ओढलं आणि खाऊन टाकलं. "आते यी आनि मन्हासंगे भांडी," असं वाटलं होतं, आबा म्हणाले. भाऊ भांडायला आलाच नाही. पुढच्या वर्षी आईने त्याची मूठ काढली, रोट केलं, ते आबांच्या ताटात वाढायला गेली, तर आबांनी ताट सरकवलं. त्यानंतर भावाच्या रोटाला त्यांनी कधी हात लावला नाही. काही वर्षं त्यांची आई ते स्वतःच गिळत राहिली. मग घरात नातू झाला, म्हणजे माझे थोरले दीर. त्याला दात आल्यापासून ते रोट त्याच्या ताटात जायला लागलं.

आणि तो गेल्यावर, काही वर्षं अक्कांनी गिळून झाल्यावर, दोन्ही रोटं माझ्या मुलाच्या ताटात.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पोरांना अंधश्रद्धा म्हणजे काय ते फळ्यावर लिहून देते. त्यामुळे हे सांगताना माझी मलाच लाज वाटते, पण सांगते. मुलगा पाच-सहा वर्षांचा असताना पहिल्यांदा अक्कांनी त्याच्या ताटात त्याच्या रोटावर आणखी दोन रोटं ठेवली तेव्हा मी वाढता वाढता थांबले. हे रोट आधी ज्याने खाल्लं तो आता कुठे आहे, हा साधा हिशेब त्या घरात कुणीच कसा करत नव्हतं? का सगळे करत होते आणि गप्प होते?

पूर्वी भाऊबंदांपैकी कुणीतरी सुचवलं होतं की बारा वर्षं उलटली, आता दर्भाचा पुतळा करून आबांच्या थोरल्या भावाची क्रिया करून टाका, त्यालाही सुटका, तुम्हालाही. तेव्हा अक्का नव्या होत्या, पण सासूच्या आधी त्याच उठल्या आणि त्या गृहस्थाची चप्पल उचलून दाराबाहेर ठेवली. हे त्या अजूनही मोठ्या अभिमानाने सांगतात. पुढे त्यांच्या स्वतःच्या मुलाची वेळ आली तेव्हा सुचवायला कोणी धजावलंच नाही.

"मूठ बंद करी का मग त्याले घरनी वाट कशी सापडी?" असं त्या विचारायच्या. मी काय सांगणार? आई होती ती. तिच्यासमोर मला कधी धड चिडताही आलं नाही, आणि चिडल्याशिवाय राहताही आलं नाही.

एकट्या रोटाचं असतं तर मी ते वर्षातून एकदाचं म्हणून सोडून दिलं असतं. पण मुलगा जसा वाढायला लागला तसं अक्कांना त्याच्यात सारखा त्यांचा हरवलेला मोठा दिसायला लागला. पाय तसाच आपटून चालतो. भात तसाच कालवतो. मोठ्याचे जुने शर्ट त्यांनी डांबराच्या गोळ्या घालून ठेवले होते, ते याला बसायला लागले तेव्हा अक्कांना केवढा आनंद! एकदा तर त्या त्याला दिराच्या लाडक्या नावाने हाक मारून बसल्या आणि पोरगं "हो" म्हणून उठलंही. मी स्वयंपाकघरात होते. हातातली उलथनी तशीच धरून बाहेर आले. त्यांच्यात कोणालाच काही वावगं झालं असं वाटत नव्हतं.

मुलगा सातवीत होता त्या वर्षी मी शहाणपणा केला. माझं माहेर जळगावजवळचं, नशिराबादचं. आईला बरं नाही असं सांगून कानबाईच्या आठवड्यात त्याला घेऊन माहेरी गेले. आई खुटखुटीत होती, उलट नातू आला म्हणून तिने वरणबट्टीचा घाट घातला. रविवार गेला, सोमवार गेला. मी मनात म्हटलं, सुटलो. मंगळवारी दुपारी दारात रिक्षा थांबली आणि अक्का उतरल्या. सत्तरीला आलेली बाई, धुळ्याहून जळगावला एसटी, तिथून नशिराबाद, एकटी. काखेत स्टीलचा डबा, वरून ओला पंचा गुंडाळलेला.

माझ्या आईने पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं. आईला म्हणाल्या, "इनबाई, बरं शे ना आते?" आणि माझ्याकडे बघितलंही नाही. नातवाला समोर बसवून डबा उघडला. कानबाईची तीन रोटं. त्या स्वतःच्या हाताने तुकडे करून भरवत राहिल्या आणि तो खात राहिला. माझ्या आईने एक तुकडा तरी चव बघायला मागितला, तर "इनबाई, राग मानू नका, बाहेरना मानूसले देता येत नही," असं म्हणून त्यांनी डबा जरा आपल्याकडे ओढला. आईला हसू आलं. मला नाही. आपण जळगावला काय, दिल्लीला जाऊन बसलो असतो तरी ही बाई डबा घेऊन आली असती हे मला त्या दिवशी कळलं.

परतीच्या एसटीत अक्का खिडकीशी, मी कडेला, मध्ये मुलगा. पारोळा गेलं तसा तो मला हळूच म्हणाला, "आई, मी गेलो तर माझी पण मूठ काढाल ना?"

"कुठे गेलास तर?"

"असंच. गेलो तर."

त्याने ते भीतीने विचारलं नव्हतं. मोठेपणी काय होणार विचारल्यावर पोरं सांगतात, त्या सुरात विचारलं होतं. पलीकडे अक्कांनी ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी त्याचा हात धरला तो धुळ्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत सोडला नाही.

मग काही वर्षं मी भांडले, अबोला धरला, पुन्हा भांडले. यजमानांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. घरात हा विषय निघाला की ते तोंडात मिठाची गुळणी धरून दुकान गाठायचे. शेवटी मुलाचा डिप्लोमा झाला त्या श्रावणात मी पंगतीतच सांगून टाकलं, "अक्का, तुम्ही मूठ काढा म्हणता, मी काढते. पण ती दोन रोटं माझा मुलगा आता खाणार नाही. यापुढे कधीच नाही."

अक्कांनी दोन्ही रोटं उचलली, त्याच स्टीलच्या डब्यात ठेवली, डबा फळीवर ठेवला. आबांनी आपलं जेवण संपवलं आणि खुर्चीत जाऊन बसले.

तो डबा आठवडाभर फळीवर राहिला. चहाची साखर काढायला हात वर केला की तो दिसायचा. टाकायचं नाही, बाहेर द्यायचं नाही, आणि पौर्णिमा जवळ येत चाललेली. अक्का रोज सकाळी झाकण उघडून बघायच्या, बुरशी आली का, आणि पुन्हा लावायच्या. माझ्याशी बोलायच्या, तेही नेहमीच्याच सुरात, पाणी आलं का, दळण आणलं का. ते जास्त वाईट होतं. यजमान दुकानात जास्तच रमायला लागले. घरात भांडं पडलं तरी सगळे दचकायचे. मी मात्र हट्टाला पेटले होते. म्हटलं, पौर्णिमा उलटू दे, काय होतं ते बघूच. आभाळ काही कोसळत नाही.

पौर्णिमेच्या दुपारी शाळेतून आले, चहा ठेवला, साखर काढायला हात वर केला. डबा तिथे नव्हता. मोरीत घासून पालथा घातला होता.

"मीच खाल्लं," मुलगा म्हणाला. तो दारात उभा होता. "चिडू नको. तुम्ही सगळे नुसते गप्प बसला होता. मला सहन होईना."

मी चिडले नाही. मला रडू आलं. त्याला जवळ घेऊन मी त्याच्या शर्टात तोंड खुपसून रडले, आणि त्या शर्टाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

पुढच्याच महिन्यात त्याला अंकलेश्वरला एका कारखान्यात नोकरी लागली. नवापूरवरून सुरतेमार्गे जाणारी गुजरातची गाडी. कुणाचे डोळे भरले नाहीत असं नाही, पण स्टँडवर अक्का ज्या नजरेने त्याला बघत होत्या ती मला बघवेना. जाणाऱ्याला बघतात तसं त्या बघत नव्हत्या. आधी एकदा पाहिलेलं पुन्हा बघावं तसं बघत होत्या. आबा घरीच थांबले होते, दाराजवळ.

सुरुवातीला त्याचा फोन रोज यायचा. मग दिवसाआड. मग रविवारी. मी काही मूर्ख नाही, नोकरीला लागलेल्या पोराचे फोन कमी होतात हे मला समजतं. शाळेतल्या माझ्या सगळ्या मैत्रिणींची पोरं पुण्याला आहेत आणि सगळ्या हेच रडतात. फरक एवढाच की त्यांच्या घरात डब्यातली रोटं नाहीत.

गेल्या श्रावणात त्याने सांगितलं, सुट्टी मिळणार नाही, कानबाईला येत नाही. बरं म्हटलं. शुक्रवारपासून त्याचा फोनच लागेनासा झाला. त्याच्याबरोबरच्या मुलाचा नंबर माझ्याकडे होता, तोही उचलत नव्हता. शनिवारी मी परात घेऊन बसले. आबांची मूठ. यजमानांची. मग त्या दोघांच्या. आणि मुलाची. गहू परातीबाहेर सांडले. अक्का समोर बसून बघत होत्या. त्यांनी सांडलेले दाणे वेचून परातीत टाकले.

रविवारी देवी बसली. गल्लीतल्या बायका गाणी म्हणून गेल्या. पंगतीच्या वेळी मी गरम रोटं काढत होते आणि अक्का वाढत होत्या. दोघं हरवलेल्यांची रोटं त्या नेहमी एका वेगळ्या ताटलीत ठेवतात. मी वळून पाहिलं तर त्या ताटलीत तीन होती.

"अक्का!" मी ओरडले. "तो हरवलेला नाही! माझा मुलगा नोकरीला गेलाय, हरवलेला नाही!"

अक्का दचकल्या. ताटलीकडे बघत राहिल्या. त्यांनी ते मुद्दाम केलं नव्हतं हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. त्यांच्या हाताने ते आपसूक केलं होतं. त्या म्हणाल्या, "मी... तो आठे नही ना, म्हनीसन..." आणि पुढे त्यांना बोलता येईना. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. भिंतीला टेकून त्या खाली बसल्या आणि रडायला लागल्या, आणि मी ओट्याशी उभी राहून रडत होते, आणि तव्यावरचं रोट जळत होतं. यजमान पाटावरून उठले तेवढे, कुणाकडे जावं हे त्यांना कळेना.

तेव्हा आबा बोलले.

"वाढ," ते मला म्हणाले. "तिन्ही रोट मन्हा ताटमा वाढ."

माझ्याने ती ताटली उचलवेना. मग यजमानांनी ताटली उचलून त्यांच्यासमोर ठेवली.

"आबा, तुम्ही तर..." मी म्हटलं.

"जावानी पाळी आते मन्ही शे," आबा म्हणाले. "पोऱ्यासनी नही. मंग मीच बठ्ठं खावाले जोये." जायची पाळी आता त्यांची, पोरांची नाही, म्हणून सगळं त्यांनीच खायचं.

त्यांना दात नाहीत. खिरीत बुडवून, तुकडे मऊ होईपर्यंत थांबून, ते एकेक घास घेत राहिले. भावाचं रोट कोणतं, मुलाचं कोणतं, नातवाचं कोणतं, ते आम्हाला ओळखू येत नव्हतं. त्यांना येत असावं. एका रोटावर ते जरा थांबले, त्याचे हाताने दोन तुकडे केले, आणि एक अर्धा बराच वेळ धरून बसले. मग तोही खाल्ला. आम्ही कुणीच जेवलो नाही, नुसते बघत बसलो. ताट पुसून घेतल्यावर ते अक्कांना म्हणाले, "पुढला सालले कोनी मूठ काढू नका. ना त्यान्ही, ना ह्यान्ही. मन्ही बी नको."

अक्कांनी पदराने तोंड पुसलं.

सोमवारी सकाळी कानबाई पांझरेवर नेली. परत आलो, जेवणं झाली, अक्का देवीच्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. दुपारी फोन वाजला. नवीन नंबर होता.

"आई, अगं मोबाईल पाण्यात पडला. तीन दिवस नाईट होती, काही करता आलं नाही. झाली का कानबाई?"

मी आधी त्याला चांगलं झापलं. तो हसला. कारखान्याचं, मेसचं, पावसाचं बोलला. मग म्हणाला, "आई, माझं रोट ठेवलंस का? मला यावं लागेल का पौर्णिमेच्या आत?"

त्याच्या आवाजात ते होतं. एसटीत मध्ये बसलेल्या त्या पोराच्या आवाजात होतं तेच. मी त्याला ये म्हटलं असतं तर तो रजा टाकून, पगार कापून घेऊन आला असता, त्या डब्यापुढे बसला असता. आणि मला तो यायला हवा होता. फार हवा होता.

"नाही रे," मी म्हटलं. "यंदा तुझी मूठ काढलीच नाही."

अक्कांचे घड्या घालणारे हात थांबले होते.

"खरंच?"

"खरंच. तू इथे नाहीस, तर कशाला काढायची? तू तुझं जेवत जा वेळेवर."

त्याने श्वास सोडलेला मला ऐकू आला. "बरं केलंस," तो म्हणाला, आणि इतक्या मोकळ्या आवाजात म्हणाला की माझ्या काळजाला घरं पडली. मग त्याला कुणीतरी हाक मारली आणि त्याने फोन ठेवला.

मी आबांना सांगायला पुढच्या खोलीत गेले. दाराजवळची खुर्ची रिकामी होती. आबा खाटेवर होते. रस्त्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, पोटावर हात ठेवून ते गाढ झोपले होते. दुपारचं झोपलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. श्वास चाललाय ना, हे बघायला मी बराच वेळ तिथे उभी राहिले.